हरवलेल्या भागांचे जुने वाफेचे मॉडेल इंजिन पुन्हा चालते करताना

वाफेवर खरोखर चालणारे जुने मॉडेल रेल्वे इंजिन हाती येते, तेव्हा ते क्वचितच पूर्ण असते. सेफ्टी व्हॉल्व्ह, स्पिरिटचा बर्नर, शिट्टी, पिस्टनची हालचाल चाकापर्यंत नेणारा एखादा कनेक्टिंग रॉड, धुराड्याची कड अशा सुट्या होणाऱ्या वस्तू आधी नाहीशा होतात आणि उरलेला सांगाडा पाहून हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे वाटू लागते. वास्तविक हरवलेल्या बहुतेक भागांची मापे त्या इंजिनातच शिल्लक असतात. एखादे रिकामे भोक, घासून चकचकीत झालेली कड, रंगावर उमटलेला फिकट गोल, यांतले काहीही निरर्थक नसते. हे सर्व वाचून घेतल्याशिवाय लेथ सुरू करायचा नाही, एवढा एक नियम पाळला तर अर्धे काम कागदावरच होते. बॉयलरची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे अंदाजाला जागा नाही आणि म्हणून त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

साफसफाईच्या आधी

पहिले काम नोंदीचे आहे. इंजिनाचे सर्व बाजूंनी, वर आणि खालून, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावेत आणि मग प्रत्येक जोडाचे जवळून काढावेत. त्यानंतर एका वहीत सर्व भोकांची यादी करावी: भोक कोठे आहे, व्यास किती, आटे आहेत की नाहीत, त्यात सध्या काय आहे आणि काय असायला हवे होते. ही यादी करणे कंटाळवाणे असले तरी पुढची सर्व कामे तिच्यावरच उभी राहतात. बॉयलरच्या पाठीवर एखाद्या गोलाकार जागेचा रंग इतरांपेक्षा ताजा असेल, तर तेथे घुमट होता आणि त्याच्या पायाचा व्यास तोच. बॉयलरच्या तळावर काजळीचे वेगवेगळे डाग असतील, तर बर्नरला वाती किती होत्या आणि त्या कोठे होत्या हे कळते. असा पुरावा एका ओल्या फडक्याने कायमचा पुसला जातो.

याच टप्प्यावर दोन धोके ओळखावे लागतात. जुन्या बॉयलरच्या वेष्टनात, वाफेच्या ग्लँडमधील (सरकत्या दांड्याभोवती वाफ अडवणाऱ्या जोडातील) दोरीत आणि बर्नरच्या वातीत ॲस्बेस्टॉस असू शकते. पांढरट किंवा करडे तंतुमय द्रव्य दिसले, तर ते ॲस्बेस्टॉसच आहे असे धरून चालावे. ते कोरडे खरवडू नये, हवेने उडवू नये, त्याची तपासणी करून घ्यावी आणि ते जाणकाराकडूनच काढून घ्यावे. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता मोठी असते, त्यामुळे तो कोरड्या पॉलिश पेपरने घासू नये.

आणखी एक निर्णय आताच घ्यावा: इंजिन वाफेवर चालवायचे आहे, की केवळ पूर्ण स्वरूपात जतन करायचे आहे? मूळ छपाईचा पत्रा शाबूत असलेले दुर्मीळ कारखानी इंजिन आगीवर ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उष्णतेने गेलेली ती छपाई परत आणता येत नाही. हौशी कारागिराने घरी बनवलेल्या मजबूत तांब्याच्या बॉयलरच्या इंजिनाला मात्र पुन्हा वाफ देणे हाच त्याचा खरा सन्मान आहे.

ओळख पटवणे

रुळांमधील अंतरावरून सुरुवात करावी. ३२ मिलिमीटर म्हणजे ओ गेज, ४५ मिलिमीटर म्हणजे एक नंबरचे गेज, तर त्यावरची अडीच, साडेतीन आणि पाच इंची गेजे अनुक्रमे ६३.५, ८९ आणि १२७ मिलिमीटरची असतात. मोजताना लक्षात ठेवावे की चाकांच्या आतील बाजूंमधले अंतर गेजपेक्षा कमी असते. पत्र्याच्या जर्मन इंजिनांवर बहुधा कारखान्याची खूण सापडते. न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीची आधीची खूण जी.बी.एन. आणि नंतरची बी.डब्ल्यू. अशी आहे. ब्रिटनमधील नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोकी कंपनीने बिंग आणि कॅरेट या जर्मन कारखान्यांकडून बनवून घेतलेली इंजिनेही विकली, त्यामुळे विक्रेत्याचे नाव आणि बनवणाऱ्याचे नाव निराळे असू शकते.

खूण नसलेले इंजिन बहुतेक वेळा हौशी कारागिराचे असते आणि ते एखाद्या प्रसिद्ध आराखड्यावरून बनवलेले असण्याची शक्यता असते. पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये सुरू केलेल्या 'द मॉडेल इंजिनिअर' या नियतकालिकात असे आराखडे दशकानुदशके येत राहिले आणि एल.बी.एस.सी. या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाचे आराखडे तर विशेष लोकप्रिय होते. सिलिंडरचा आतला व्यास, मुख्य चाकांचा व्यास आणि आसांमधील अंतरे या मापांवरून आराखडा जुळतो का ते पाहावे. जुळला, तरी प्रत्येक माप इंजिनावर पडताळावे, कारण कारागिरांनी आपल्या सोयीने बदल केलेले असतात.

आट्यांची ओळख याहून नाजूक असते. जुन्या ब्रिटिश मॉडेलांत बी.ए. (ब्रिटिश असोसिएशन) मालिकेचे लहान स्क्रू आणि वाफेच्या नळ्यांवर इंचाला ३२ किंवा ४० आट्यांची मालिका आढळते. बी.ए. आट्यांचा कोन ४७.५ अंश, व्हिटवर्थ पद्धतीचा ५५ अंश आणि मेट्रिकचा ६० अंश असतो. शून्य क्रमांकाच्या बी.ए. स्क्रूचा व्यास ६ मिलिमीटर आणि पिच (लगतच्या आट्यांमधले अंतर) १ मिलिमीटर, म्हणजे नेमका मेट्रिकच्या एम ६ इतकाच असतो, कोन मात्र वेगळा. त्यामुळे एम ६ चा स्क्रू तेथे काही आटे जातो आणि मग अडकून जुने आटे खराब करतो. स्क्रू हाताने सहज शेवटपर्यंत गेला नाही, तर पाना लावू नये; आधी आटे मोजण्याच्या पट्टीने खात्री करावी.

सुटे करणे

गंजलेल्या जोडांना झिरपणारे तेल लावून वाट पाहावी, आणि स्क्रूड्रायव्हरचे टोक प्रत्येक स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असे घासून घ्यावे. शिसे-कथिलाच्या झाळाने (सोल्डरने) जोडलेल्या भागांजवळ ज्योत नेऊ नये. आसांवर दाबून बसवलेली चाके निष्कारण काढू नयेत, कारण दोन्ही बाजूंच्या क्रँकमधला (चाकाच्या मध्यापासून बाजूला असलेल्या, रॉड जोडायच्या पिनांमधला) ९० अंशांचा कोन एकदा हलला की तो पुन्हा साधायला साचा लागतो. जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव भागांवर बारीक तडे दिसत असतील, तर तो भाग आतून कुजला आहे असे समजावे. असे भाग फुगतात, म्हणून त्यांच्यावरून घेतलेले माप खऱ्यापेक्षा मोठे येते. नवा भाग बनवताना माप त्याच्यावरून न घेता तो ज्यात बसतो त्या भागावरून घ्यावे.

बॉयलर

बॉयलरचा प्रकार आधी ठरवावा. कारखानी खेळण्यांचे बॉयलर बहुधा पातळ पितळेचे, शिसे-कथिलाने झाळलेले आणि कमी दाबाचे असतात. हौशी कारागिरांचे चांगले बॉयलर तांब्याचे आणि चांदीच्या झाळाचे असतात. हा फरक जिवाशी संबंधित आहे. साध्या शिसे-कथिलाच्या झाळाचे वितळणे १८३ अंश सेल्सिअसपासून सुरू होते, तर वातावरणाच्या वर ७ बार दाब असलेली वाफ सुमारे १७० अंशांवर असते. म्हणजे अशा दाबाला सुरक्षिततेसाठी जवळजवळ काहीच अंतर उरत नाही. १ बार दाबाला वाफ सुमारे १२० अंशांची असते आणि तेथे तो झाळ टिकतो, पण आत पाणी असेपर्यंतच. पाणी संपलेल्या बॉयलरखाली ज्योत राहिली, तर झाळ वितळून जातो.

शिसे-कथिलाचा बॉयलर गळत असेल, तर त्यावर चांदीचा झाळ देण्याचा प्रयत्न करू नये. चांदीच्या झाळाच्या तापमानाला शिसे तांब्या-पितळेला खाते आणि जोड ठिसूळ होतो. अशा वेळी मूळ बॉयलर जपून ठेवून त्याच मापाचा नवा बनवणे योग्य ठरते. जुन्या चांदीच्या झाळात कॅडमियम असू शकते आणि तो पुन्हा तापवला तर निघणारी वाफ विषारी असते. नव्या कामासाठी कॅडमियम नसलेला, ५५ टक्के चांदीचा झाळ वापरावा. तो ६३० ते ६६० अंशांच्या दरम्यान वितळतो. जोडातील फट सुमारे ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर ठेवली, तर तो आपोआप आत खेचला जातो. बॉयलरमध्ये बसवायच्या आट्यांच्या बुशा (फिटिंग ज्यांत फिरवून बसवतात त्या कड्या) पितळेच्या नव्हे, ब्राँझच्या असाव्यात, कारण गरम पाण्यात पितळेतील जस्त हळूहळू निघून जाते आणि बूश सच्छिद्र व ठिसूळ होते.

यानंतर पाण्याच्या दाबाची चाचणी. हरवलेल्या प्रत्येक फिटिंगच्या जागी तात्पुरते भरीव बूच बसवावे, बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरावा आणि आतली हवा पूर्ण निघाली आहे याची खात्री करावी. ही चाचणी हवेने कधीही करू नये. दाबलेल्या हवेत साठलेली ऊर्जा जोड फुटताच स्फोटासारखी बाहेर पडते, तर पाणी फारसे दाबले जात नसल्यामुळे गळती झाली तरी दाब तत्काळ उतरतो. हातपंपाने दाब टप्प्याटप्प्याने वाढवावा, दाबमापक पडताळून घेतलेला असावा, आणि प्रत्येक टप्प्यावर सपाट पत्रे फुगतात का, ताणखिळ्यांच्या (सपाट पत्रे धरून ठेवणाऱ्या खिळ्यांच्या) टोकांशी पाणी पाझरते का, हे पाहावे. गोल नळकांडे सहसा दगा देत नाही. कमजोरी असते ती सपाट भागांत. वापरलेल्या बॉयलरसाठी कामाच्या दाबाच्या दीडपट आणि नव्या बॉयलरसाठी दुप्पट चाचणी ही ब्रिटिश मॉडेल क्लबांतील रूढ पद्धत आहे. आपल्या भागातील नियम निराळे असल्यास ते पाळावेत आणि बॉयलर अनुभवी तपासनिसाला दाखवावा. मूळ कामाचा दाब कोणत्याही मार्गाने कळत नसेल आणि बॉयलर पातळ पितळेचा असेल, तर तो प्रदर्शनापुरताच ठेवावा.

हरवलेला सेफ्टी व्हॉल्व्ह हा या कामातला सर्वांत जबाबदारीचा भाग आहे. गोळी आणि स्प्रिंगचा साधा व्हॉल्व्ह बनवताना स्प्रिंगचा जोर हिशेबाने ठरवावा. गोळी ज्यावर बसते त्या बैठकीचे भोक ४ मिलिमीटर व्यासाचे असेल, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे १२.६ चौरस मिलिमीटर होते. ३ बार म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ०.३ न्यूटन, म्हणून व्हॉल्व्ह उघडण्यासाठी सुमारे ३.८ न्यूटन जोर लागेल. एवढ्याने काम संपत नाही. व्हॉल्व्ह उघडला तरी त्यातून पुरेशी वाफ बाहेर पडली पाहिजे. बर्नर पूर्ण जोरात, रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप) बंद आणि बॉयलर कामाच्या दाबावर अशा स्थितीत दाब ठरलेल्या आकड्याच्या १० टक्क्यांहून अधिक वर जात असेल, तर व्हॉल्व्ह लहान आहे आणि तो बदलावा लागेल. जुना सेफ्टी व्हॉल्व्ह जागेवर असला, तरी त्यालाही ही परीक्षा द्यावी.

हरवलेल्या भागांची मापे

आता मूळ विषय. ज्या भागाचा जोडीदार दुसऱ्या बाजूला शाबूत आहे त्याची नक्कल करणे सोपे. मात्र उजवा आणि डावा भाग एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असतात हे कापण्यापूर्वी कागदावर तपासावे. दोन्ही बाजूंचे भाग गेलेले असतील, तेव्हा भूमिती मदतीला येते.

चाकांना एकमेकांशी जोडणाऱ्या कपलिंग रॉडवरील भोकांमधले अंतर आसांच्या केंद्रांमधल्या अंतराइतकेच असले पाहिजे. दोन्ही आसांच्या बाहेरच्या कडांवरून व्हर्निअरने माप घ्यावे आणि त्यातून दोन्ही आसांची त्रिज्या वजा करावी. दोन्ही बाजूंना हे माप वेगळे आले, तर रॉड बनवण्याआधी सांगाडा सरळ करावा लागतो. वाकड्या सांगाड्यावर अचूक रॉडही अडकतो.

कनेक्टिंग रॉडची लांबी काढण्यासाठी आधी स्ट्रोक (पिस्टनची एका टोकापासून दुसऱ्यापर्यंतची चाल) पडताळावा. मुख्य आसाच्या केंद्रापासून क्रँकपिनच्या केंद्रापर्यंतचे अंतर मोजून दुप्पट केले की स्ट्रोक मिळतो. समजा हे अंतर १० मिलिमीटर आहे, म्हणजे स्ट्रोक २० मिलिमीटर. सिलिंडरच्या दोन्ही झाकणांमधली आतली लांबी ३० आणि पिस्टनची जाडी ८ असेल, तर पिस्टनला सरकायला २२ मिलिमीटर जागा आहे आणि दोन्ही टोकांना एकेक मिलिमीटर मोकळीक उरते. ही मोकळीक ऋण आली, तर पिस्टन किंवा झाकण मूळचे नाही असे समजावे. आता पिस्टन या २२ मिलिमीटरच्या नेमक्या मध्यावर ठेवावा आणि क्रॉसहेडच्या (पिस्टन रॉड आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या सरकत्या भागाच्या) पिनपासून मुख्य आसाच्या केंद्रापर्यंतचे अंतर मोजावे. तीच कनेक्टिंग रॉडची लांबी. स्प्रिंगवर बसलेल्या इंजिनात हे माप आस आपल्या चालण्याच्या उंचीवर ठेवून घ्यावे.

सिलिंडरच्या दोन्ही टोकांना आळीपाळीने वाफ देणाऱ्या सरकत्या झडपेचे माप वाफेच्या खिडक्यांवरून निघते. दोन्ही बाजूंच्या खिडक्या प्रत्येकी २ मिलिमीटर, मधली निकासाची खिडकी ४ आणि त्यांच्यामधल्या पट्ट्या प्रत्येकी २ मिलिमीटर धरल्या, तर बाहेरच्या कडांमधले अंतर १२ मिलिमीटर होते. प्रत्येक बाजूला १.५ मिलिमीटरचा लॅप (झडप मध्यावर असताना खिडकीच्या बाहेर जाणारी तिची कड) ठेवायचा असेल, तर झडप १५ मिलिमीटर लांब हवी. झडपेच्या पोटातील पोकळी दोन्ही वाफखिडक्यांच्या आतल्या कडांमधल्या अंतराइतकी, म्हणजे ८ मिलिमीटर ठेवावी. खिडकी पूर्ण उघडण्यासाठी झडपेची एकूण चाल लॅप आणि खिडकी यांच्या बेरजेच्या दुप्पट, म्हणजे ७ मिलिमीटर लागेल. एक्सेंट्रिक (झडपेला चाल देणारी आसावरची तबकडी) शाबूत असेल, तर त्याची चाल मोजून हाच हिशेब उलटा करावा आणि मूळ कारागिराने किती लॅप ठेवला होता ते शोधावे. हा उलटा हिशेब जुळतो तेव्हा त्या अनामिक कारागिराचा विचारच आपल्या वहीत उतरतो, आणि या छंदातले मला सर्वांत प्रिय असलेले क्षण हेच आहेत.

चाके, धुराडे किंवा सिलिंडर यांसारखे ओतीव भाग हवे असतील, तर शाबूत भागावरून थेट साचा करण्याचा मोह टाळावा. बिडाचे ओतकाम थंड होताना सुमारे १ टक्का आणि पितळ-गनमेटल सुमारे दीड टक्का आकसते, शिवाय लेथवर कापण्यासाठी जास्तीचा धातू लागतो. म्हणून नमुना तेवढा मोठा बनवावा. संगणकावर आराखडा करून त्रिमितीय छपाईने नमुना काढता आला, तर ही वाढ अचूक देता येते.

बर्नरसाठी सांगाड्याच्या पाट्यांमधले अंतर, आसांची जागा आणि काजळीचे डाग पुरेसे असतात. वातीसाठी सिरॅमिक किंवा काचतंतूची दोरी घ्यावी. ती नळीत ठासून भरू नये. फार घट्ट वात स्पिरिट वर चढू देत नाही. ग्लँडच्या जुन्या दोरीच्या जागी ग्राफाइटयुक्त दोरी वापरावी. पिस्टन रॉड गंजरोधक पोलादाचा आणि बेअरिंगच्या बुशा ब्राँझच्या कराव्यात.

नव्याने बनवलेल्या प्रत्येक भागावर, न दिसणाऱ्या बाजूला, वर्ष कोरावे आणि काढलेला जुना भाग चिठ्ठी लावून ठेवावा. पुढच्या मालकाला मूळ काय आणि नंतरचे काय हे कळणे हा त्याचा हक्क आहे.

जुळवणी आणि रंग

बॉयलर न बसवता आधी केवळ चाकांचा सांगाडा जुळवावा. रॉड लावून चाके हाताने फिरवावीत. एका ठरावीक जागी अडकत असतील, तर क्रँकचा कोन किंवा रॉडचे माप चुकले आहे, आणि त्यावर भोके मोठी करणे हा उपाय नव्हे. झडपपेटीचे झाकण काढून चाक दोन्ही मृतबिंदूंवर (पिस्टनच्या चालीच्या टोकांवर) न्यावे आणि झडप दोन्ही बाजूंना सारखीच उघडते का ते पाहावे. फरक असल्यास झडपेच्या दांड्यावरील नट फिरवून तो अर्धा अर्धा वाटावा. नंतर सिलिंडरना तेल देऊन सुमारे १ बार दाबाची हवा थेट त्यांच्या वाफनळीला जोडावी. दोन्ही दिशांना चाके संथ आणि एकसारखी फिरली, म्हणजे यंत्रणा बॉयलरसाठी तयार आहे. बॉयलर बसवल्यावर निकासनळीचे तोंड धुराड्याच्या बरोबर मध्याखाली आहे ना हे सरळ सळई घालून पाहावे, नाहीतर आगीला ओढ मिळत नाही.

रंगाबाबत थोडक्यात: एखाद्या झाकलेल्या कोपऱ्यात रंगाचे थर ओल्याने हळूहळू उलगडून मूळ छटा शोधावी, शाबूत मूळ रंग ठेवावा, आणि धूरपेटीसाठी उष्णतारोधक रंगच घ्यावा.

पहिली वाफ

पहिली वाफ मोकळ्या हवेत, इंजिनाची चाके जमिनीपासून उचललेल्या स्थितीत द्यावी. पाणी ऊर्ध्वपातित असावे. कठीण पाण्याने आत क्षार साचतात. बॉयलर सुमारे तीन चतुर्थांश भरावा, म्हणजे वाफेला जागा राहते. वंगणपात्रात वाफेसाठीचे घट्ट तेल भरावे, साधे यंत्रतेल नव्हे. स्पिरिटची ज्योत उजेडात दिसत नाही, म्हणून इंधन भरताना बर्नर विझलेला आणि थंड असावा. दाब वाढू लागला की लक्ष दाबमापकावर ठेवावे, सेफ्टी व्हॉल्व्ह ठरलेल्या दाबाला उघडतो आणि बंद होतो हे पाहावे, आणि मगच रेग्युलेटर हळूच उघडावा. सुरुवातीला सिलिंडरमध्ये वाफेचे पाणी होते आणि ते धुराड्यातून उडते. पिस्टन पाण्यावर आपटू नयेत म्हणून चाके हाताने पुढेमागे फिरवून ते बाहेर काढावे. हात चटका बसणार नाही अशा जागी ठेवावेत.

बर्नरचे इंधन पाण्याआधी संपेल एवढेच भरावे. चालवून झाल्यावर दाब पूर्ण उतरू द्यावा आणि बॉयलर कोमट असतानाच भरणीचे बूच उघडावे. तसे न केल्यास थंड होणाऱ्या बॉयलरमध्ये निर्वात पोकळी तयार होते आणि ती सिलिंडरकडचे तेल वाफनळीतून आत ओढून घेते. तेल शिरलेल्या बॉयलरमध्ये पुढच्या वेळी फेस येतो आणि वाफेबरोबर पाणीही सिलिंडरमध्ये जाते. उरलेले पाणी ओतून टाकावे, बूच उघडेच ठेवून आतला भाग वाळू द्यावा, सिलिंडर व रॉडवरचे पाणी पुसून तेलाचा हात फिरवावा, आणि त्या दिवशी सेफ्टी व्हॉल्व्ह किती दाबाला उघडला, कोठे गळती दिसली, हे त्याच वहीत लिहून ठेवावे.